पिवळा दिवा कोणी विझवला

आमच्या सासरच्या गोतावळ्यात एक गोष्ट गेली कित्येक वर्षं फिरते आहे आणि ती सांगण्याचा मान माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "साखरपुड्याच्या गाडीची गोष्ट होऊ द्या." मी सांगतो. हावभावांसकट सांगतो. लोक पोट धरून हसतात. पोरांना तर ती पाठ आहे. मी कुठे पाणी प्यायला थांबलो तर पुढचं वाक्य तीच पुरवतात.

ती गोष्ट मी आजवर अर्धीच सांगितली. माझ्या उजव्या हाताचा अंगठा मी तिच्यातून वगळत आलो. तो आत घेतला की हसू कोणावर यायला हवं होतं ते बदलतं, म्हणून इतकी वर्षं टाळलं. आता टाळण्यात अर्थ नाही. सगळी सांगतो, अंगठ्यासकट.

मी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. काम प्रेशर गेज तपासायचं. दिवसभर टेबलावर गेज यायचे, त्यांचा काटा खरं बोलतो की खोटं ते मी बघायचो आणि खऱ्यांवर हिरवा ठिपका लावायचो. माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांचं टायरचं दुकान आमच्या कारखान्याच्या गेटपासून चालत पाच मिनिटांवर. म्हणजे हवा हाच दोघांचाही धंदा. मी ती काट्यावर बघायचो, ते कानाने ऐकायचे.

त्यांच्याकडे बाभळीचा एक दांडका होता, हातभर लांब, वापरून गुळगुळीत झालेला. चाकाशी उकिडवं बसायचं, दांडका टायरवर मारायचा आणि मान तिरकी करून ऐकायचं. टण्ण वाजलं तर भरलेलं, ढब्ब वाजलं तर उतरलेलं. या दोहोंच्या मधल्या आवाजांना नावं नव्हती. ते त्यांचे त्यांनाच कळायचे.

सासऱ्यांची द्राक्षबाग निफाडला. त्या घरातला रिवाज असा, की घरची कुठलीही गाडी महत्त्वाच्या कामाला निघणार असेल तर थोरल्या जावयाने चाकं वाजवायची, मगच किल्ली फिरवायची. मुलगी बघायला निघालेली जीप असो की माल भरलेला टेम्पो, आदल्या दिवशी नाशिकला निरोप जायचा आणि साडू सकाळच्या पहिल्या एसटीने दांडका घेऊन हजर व्हायचे. दसऱ्याला सासूबाई त्या दांडक्याला हळदकुंकू वाहायच्या. माझ्या गेजला त्यांनी कधी वाहिलं नाही.

हे मला लागायचं. म्हणून नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीला मी माझा स्वतःचा गेज बरोबर घेऊन सासुरवाडीला गेलो. पाडव्याची जेवणं झाल्यावर सगळ्यांना अंगणात जीपभोवती गोळा केलं.

"भाऊ, वाजवा," मी साडूंना म्हणालो. "किती आहे ते आकड्यात सांगा."

त्यांनी चारी चाकं वाजवली. "अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. मागचं उजवं सव्वीस."

मी गेज लावला. बावीस, बावीस, बावीस आणि वीस.

"भाऊ, सहाने चुकलात."

"मंग तुमचा काटा सहानं उपाशी हाय, साहेब," ते म्हणाले. ते मला कायम साहेब म्हणत आणि त्यात निम्मा मान असे, निम्मी गंमत.

मेहुणा धावत जाऊन शेजारच्या ट्रॅक्टर गॅरेजातून दुसरा गेज घेऊन आला. अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस आणि सव्वीस. येताना स्कूटरच्या डिकीत माझा गेज आपटून काटा सरकला होता. जन्मभर दुसऱ्यांचे गेज तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा तपासला नव्हता.

त्या दिवसापासून घरात माझं नाव 'सहा कमी' पडलं. मी आठ वाजता येतो असा निरोप पाठवला की मेहुणा म्हणायचा, "म्हणजे दोनला येतील." माझ्या मुलीला ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा सासरे म्हणाले, "आकडा बापाने सांगितलाय ना, मग अठ्ठ्याऐंशी असतील." सासूबाईंनी ताटात पोळी वाढली की विचारायच्या, "ही धरून किती झाल्या? तुम्ही नका मोजू." मी हसायचो. दहा वर्षं हसलो. हसून हसून माझे दात दुखले, पण नाव काही गेलं नाही.

मग दोन हजार साल उलटलं, द्राक्षं बोटीने परदेशी जाऊ लागली आणि मेहुण्याने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून परदेशी बनावटीची वापरलेली गाडी आणली. किल्ली फिरवली की काट्यांच्या मधोमध नाना चित्रं उजळायची. त्यात एक पिवळं होतं, खाली चपटं, वर उघडं, पोटात उद्गारचिन्ह.

सासऱ्यांनी निरखून पाहिलं. "हा गळका तांब्या कशाला काढलाय?"

कोणालाच माहीत नव्हतं. मी गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागून घेतलं आणि तीन रविवार शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. तिसऱ्या रविवारी दुपारी मला तो तांब्या कळला. खुर्चीतून उठून मी घरात तीन फेऱ्या मारल्या. बायकोने विचारलं, "पोटात दुखतंय का?"

सांगतो. टायरमधली हवा कमी झाली की चाक किंचित बसतं. किती, तर भाताच्या एखाद्या दाण्याएवढं. तेवढ्यानेही चाक छोटं होतं आणि छोट्या चाकाला तेवढाच रस्ता कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. आजोबा आणि नातू हात धरून बाजाराला निघाले तर आजोबांच्या एका पावलाला नातवाची दोन पावलं पडतात, तसं. त्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, ब्रेकजवळ, दाते असलेली एक चकती होती आणि तिच्यासमोर दाते मोजणारा एक सेन्सर. ही मोजणी मुळात जोरात ब्रेक दाबल्यावर चाक घसरू नये म्हणून ठेवलेली. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं, की पावलं मोजतोच आहोत तर लंगडणाराही सापडेल. मग गाडीतला संगणक चारी चाकांचे फेरे ताडून बघायला लागला. एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा घाई करू लागलं, की त्याची हवा गेली असं समजून तो पिवळा दिवा लावायचा. चाकात हवा मोजणारं काहीच नव्हतं. गाडी हवा मोजतच नव्हती, ती चाल ओळखत होती.

आणि एक बटण होतं, स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या वर. हवा नीट भरली किंवा टायर बदलले, की ते दाबून धरायचं. त्याचा अर्थ एवढाच, की 'आता आहे ही चाल बरोबर आहे असं धर.' मग दिवा विझतो आणि पुढचे काही मैल गाडी ती चाल शिकून घेते. गाडीला शंका घेता येत नाही. तुम्ही म्हणाल ते ती खरं धरते.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना पुन्हा अंगणात बोलावलं. बागेत काम करणाऱ्या बायकाही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी बटण दाखवलं, आजोबा-नातवाचं सांगितलं, पुढच्या एका चाकातली थोडी हवा सोडली आणि मेहुण्याच्या मुलीला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. ती तेव्हा कॉलेजात होती. बरंच अंतर तोडल्यावर तांब्या पेटला. ती खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि गावभर ओरडत सुटली, "लागला, आतोबांचा दिवा लागला." आम्ही परतलो ते वरातीतून परतावं तसे.

साडू दांडका काखेत धरून उभे होते. "झकास हाय," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, हे आता कळतं. "पण साहेब, एक बैल लंगडला तर दुसऱ्यावरनं कळतं. दोन्ही संगं लंगडले तर?"

"चारी चाकं एकदम कशी उतरतील, भाऊ?"

"थंडी काय एकाच चाकाला वाजती व्हय?"

मी हात झटकला. निफाडची थंडी काय असते ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या हिवाळ्यात एका पहाटे बागांमधून ओला पाला पेटवून धूर केला होता, घडांवर गारठा बसू नये म्हणून. सकाळी मेहुण्याला बाहेर जायचं होतं. साडूंनी चारी चाकं वाजवली आणि चारी उतरल्याचं सांगितलं. मी नवा गेज लावला. चारी चाकं सारखीच चार-चार पौंडांनी खाली. गावाबाहेर एक चक्कर मारून आलो तरी दिवा बंद. चारी नातवंडं सारख्याच पावलांनी चालत होती, आजोबा कोण ते कळणार कसं?

"दिवा झोपलाय जणू," साडू म्हणाले. "झोपू द्या. गारठा लय हाय."

बागेतल्या बायकासुद्धा हसल्या. मीही हसलो. दात दुखले.

थंडी सरता सरता मेहुण्याच्या त्याच मुलीचा साखरपुडा ठरला, नाशिकच्या एका कार्यालयात, सकाळच्या मुहूर्ताचा. गाडी मी चालवायची असं ठरलं, कारण तिची भाषा मलाच येते असं सगळे मानत. साडू पहिल्या एसटीने आले. घरात नुसती धांदल. मी फेटा बांधून पाण्याच्या टाकीशी उभा होतो, तिथे ते माझ्याकडे एकटेच आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मागचं डावं मला पटत नाय. आवाज खाली बसतोय. उतरवून बघू. धा मिन्टं लागतील."

"दिवा तर नाही लागलेला."

"गाडी उभी हाय. पावलंच न्हाईत तर दिवा कशाचा लागंल?"

हे मीच त्यांना शिकवलं होतं. चारचौघांत मला खाली बघायला लागू नये म्हणून ते टाकीमागे येऊन सांगत होते, हेही मला दिसत होतं. मी म्हणालो, "तुम्ही टेम्पोबरोबर पुढे व्हा. मी बघतो."

"बगा मग. तुमच्या शब्दावर सोडतो," असं म्हणून ते सासरे, सासूबाई आणि बायकामंडळींच्या टेम्पोत बसून पुढे गेले.

मी बघितलं नाही. चाकाला बुटाने एक लाथ मारली आणि गाडीत बसलो.

मागे मेहुणा, त्याची बायको आणि नवरी. माझ्या शेजारच्या सीटवर फळांची एवढी मोठी परडी, की तिलाच पट्टा बांधला होता. चांदोरी मागे पडली आणि तांब्या पेटला. परडीमुळे मागच्यांना तो दिसत नव्हता. मला दिसला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते आता लपवत नाही. माझं यंत्र बरोबर होतं. साडूंचा कानही बरोबर होता. चाकाबद्दल त्या सकाळी दोघांचं एकमत झालं होतं आणि दोघांच्या मधे चुकलेला एकटा मी होतो. गाडी थांबवली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मग पुढची दहा वर्षं मला कोणी पोळ्या मोजू दिल्या नसत्या. मी उजवा अंगठा बटणावर ठेवला आणि दाबून धरला. दिवा लुकलुकला आणि विझला. लंगडणाऱ्या चाकाला मी म्हणालो, तू बरोबर चालतंस. गाडीने ते खरं धरलं. ती चाल शिकत असताना तिला दुसरं काही कळत नाही, हे मला माहीत होतं. ते पान मला पाठ होतं.

माडसांगवीजवळ मागून फदफद आवाज आला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि परडी पट्ट्यातून निसटून माझ्या मांडीवर आली.

इथून पुढची गोष्ट मी नेहमी सांगतो ती अशीच्या अशी घडली. स्टेपनी काढायला डिकी रिकामी करावी लागली. रस्त्याकडेला चादर पसरून आम्ही पेढ्यांचे खोके, नारळ, ओटीचं सामान, साडीची ताटं आणि साखरेचे पुडे मांडले. सायकलवरून चाललेला एक म्हातारा थांबला आणि त्याने विचारलं, "संत्री कशी दिली?" मेहुण्याची बायको म्हणाली, "विकायची नाहीत बाबा, मुलगी द्यायचीय." नवरी हसता हसता रस्त्यावर बसली. स्टेपनी बाहेर काढली तर ती पोळीसारखी चपटी. स्टेपनी फिरतच नाही, तिची पावलं कोण मोजणार? एरवी साडू तीही वाजवायचे. त्या दिवशी डिकी आधीच भरलेली होती.

शेवटी द्राक्षांचे रिकामे क्रेट घेऊन चाललेली एक पिकअप थांबली. नवरी आणि तिची आई पुढे बसल्या, मी आणि मेहुणा मागे क्रेटमध्ये, एकेका क्रेटमध्ये एकेक पाय घालून. शिलापूरकडून येणाऱ्या वाऱ्याने माझा फेटा सुटला आणि मागे झेंड्यासारखा फडफडत राहिला. त्याचं टोक धरायला मेहुणा उठला आणि पेढ्यांच्या खोक्यावर बसला. मुहूर्त टळून दीड तास झाल्यावर आमची पिकअप कार्यालयाच्या दारात लागली. बँडवाले विडी ओढत होते, त्यांनी घाईघाईत वाजवायला घेतलं ते विदाईचं गाणं. नवऱ्या मुलाकडचे वडीलधारे तोंडं फुगवून उभे, पण नवरदेव पिकअपमधून उतरणाऱ्या नवरीकडे बघून जो हसत सुटला तो अंगठी घालेपर्यंत हसत होता. हात हलत असल्याने अंगठी बोटात जाईना.

सगळं निभावलं. पंगत बसली. तेव्हा कुठे मेहुण्याचा राग वर आला.

"थोरले दाजी, चाकं वाजवली होती ना तुम्ही सकाळी?"

"वाजवली व्हती." साडूंनी हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "साहेब, दिवा लागला न्हाई का वाटंत?"

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती.

"नाही लागला," मी म्हणालो.

टाकीमागचं बोलणं त्यांना आठवत होतं आणि मलाही. एका वाक्यात ते मला उघडं पाडू शकले असते. नव्या व्याह्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी ते केलं नाही.

"मंग माझंच चुकलं," ते म्हणाले. "कान म्हातारा झाला."

सासरे ताटावरून मान वर करत म्हणाले, "म्हणजे दांडकाही सहा कमी झाला म्हणायचा."

पंगत हसून लोळली. व्याहीसुद्धा हसले, त्यांच्या मनातली अढी तिथेच गेली. माझी गोष्ट मी नेहमी इथेच संपवतो, याच वाक्यावर, आणि प्रत्येक वेळी हशा तेवढाच येतो. दहा वर्षं माझ्या गळ्यात असलेलं नाव त्या एका घासात त्यांच्या गळ्यात गेलं. मीही हसलो. त्या दिवशी दात दुखले नाहीत.

त्यानंतर निफाडहून निरोप गेला की साडूंचं उत्तर यायचं, "गाडीला दिवा हाय की." आले तरी ते अंगणात बसून चहा पीत आणि चाकांकडे बघत नसत. दांडका दुकानात फळीवर, जुन्या ट्यूबांच्या मागे गेला. दसऱ्याला सासूबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन त्याच्याबद्दल विचारत राहिल्या, मग त्यांनी विचारणं सोडलं.

मला माफी मागायची होती. पण नुसतं जाऊन उभं राहून कसं मागणार? काहीतरी काम पाहिजे. म्हणून कारखाना सुटला की मी स्कूटर बसथांब्यामागे न्यायचो, आगपेटीतल्या काडीने वॉल्व्ह दाबून चाकातली हवा सोडायचो आणि ती ढकलत त्यांच्या दुकानात जायचो. ते हवा भरायचे. पूर्वी नुसत्या दांडक्याने सांगायचे, आता पंपाला गेज लावून वाकून बघायचे.

"काट्यावरच बगतो आता, साहेब. उगा चूक नको."

मी तोंड उघडायचो आणि म्हणायचो, "यंदा ऊन फार आहे."

असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. आठवड्यातून एकदा तरी. माझ्या स्कूटरएवढी हवा त्या काळात सातपूरमध्ये कोणीच भरून घेतली नसेल. एकदा त्यांनी वॉल्व्हमधून अर्धी मोडलेली काडी चिमट्याने काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"तुमची काडी. आत ऱ्हायली व्हती."

आम्ही दोघंही त्या काडीकडे बघत होतो. ते थांबले होते. मला दिलेली ती जागा होती, हे दुसऱ्या कोणाला नसतं कळलं, मला कळलं.

"पावसाचं काही खरं नाही," मी म्हणालो आणि स्कूटरला किक मारली.

शेवटचा प्रयत्न त्यानंतर काही वर्षांनी. माझ्या जावयाने नवी गाडी घेतली होती. तिच्यात चाल ओळखण्याची भानगड नव्हती. प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हच्या बुडाशी, अंगठ्याच्या पेराएवढा सेन्सर. त्यात बारीकशी बॅटरी. तो चाकाबरोबर गरगरत आतला दाब मोजतो आणि रेडिओसारखा पुढे कळवतो. समोर चारी चाकांचे चार आकडे दिसतात. चारी एकदम उतरले तरी दिसतात. बैलाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं म्हणून मी ती गाडी मुद्दाम त्यांच्या दुकानापुढे उभी केली आणि त्यांना आत बसवलं. ते थकले होते. चारी आकडे त्यांनी बोटाने एकेक करून बघितले.

"म्हंजी अंदाज नाय. चाक स्वतः बोलतंय."

"हो, भाऊ."

"लय भारी." मग जरा वेळाने, काचेतून समोर बघत, "साहेब, ह्याला गप करायचं बटण हाय का?"

बटण मीच त्यांना अंगणात दाखवलं होतं. ते विसरणाऱ्यांतले नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे, खोटं बोलायला लावता येत नाही याला."

"मंग बरं," ते म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावर थोपटून उतरले.

त्यांच्या मागे उतरायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी आकडे बघत बसलो. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दांडका मी मागून आणला. तो माझ्या टेबलावर आहे, आणि नातवंडं गोष्टीचा हट्ट धरतात तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. यापुढे नाही बसणार. त्यांना सगळी सांगेन. पण ज्यांना आधी सांगायला हवी होती त्यांच्यासाठी जे वाक्य मी बसथांब्यामागे काडी हातात धरून इतक्या वेळा घोकलं ते असं होतं:

भाऊ, दिवा लागला होता. चांदोरी सोडल्यावर लागला, मी बटण दाबून विझवला आणि पंगतीत खोटं बोललो. तुमचा कान म्हातारा झाला नव्हता. मागचं डावंच होतं. मला माफ करा.